वाण तोच, ऊन वेगळे: पिकांच्या कीड-प्रतिकाराची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीचा पेरा साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास होतो. पाऊस काढता पाय घेत असतो आणि ऑक्टोबरचा चटका सुरू झालेला असतो. उगवणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे खोडमाशीचे. कोवळ्या रोपाचे पान उलटून पाहिले तर मधल्या शिरेला समांतर चिकटवलेले पांढरे, लांबोडके अंडे दिसते. दोनेक दिवसांत अळी बाहेर पडते, पानावरून सरकत पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या मधल्या सुरळीत, उतरते आणि वाढीचा कोंब कापते. मग मधले पान पिवळे पडून वाळते. चिमटीत धरून ओढले की अलगद हातात येते आणि त्याच्या बुडाला कुजका वास असतो. हीच पोंगेमर.

पोंगेमर वाढली की दोष बियाण्याला दिला जातो. वाण माशीला दाद देत नाही असे सांगितले होते, मग शेत का बसले? प्रश्न रास्त आहे. किडीला तोंड देण्याची ताकद जनुकांत असते, पण त्यातली प्रत्यक्ष शेतात किती उतरते हे बऱ्याच अंशी तापमान ठरवते. ही गोष्ट विज्ञानाला १९४६ पासून माहीत आहे. आपल्याकडच्या बांधावर मात्र ती अजून नीट पोहोचलेली नाही, याची मला खंत वाटते.

सोलापूरचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र येथे १९३३ मध्ये सुरू झाले. त्याच दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण पुढे आला. आज इतक्या वर्षांनीही भारी जमिनीत शेतकरी तोच पेरतात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडी खोडमाशीला पूर्ण रोखत नाही, पण बऱ्यापैकी तोंड देते. हा गुण कोणी प्रयोगशाळेत घातलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हात, याच काळ्या जमिनीत जी रोपे टिकली त्यांचेच बी पुढे ठेवले गेले.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण हे बुटके, लवकर येणारे वाण खोडमाशीला सहज बळी पडू लागले. तेव्हा कुठे प्रतिकाराचा शोध जोरात सुरू झाला. त्याआधी १९५१ मध्ये मद्रासकडील पोन्नय्या यांनी प्रतिकारक ज्वारीच्या पानांतील सिलिकाकडे लक्ष वेधले होते. पुढे रोपावस्थेतली चकचकीत पाने, पानाखालची बारीक लव, रोपाचा जोम असे गुण एकेक करून हाती आले. सर्वांत महत्त्वाचा धागा हैदराबादजवळच्या पाटणचेरूतील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत १९९०च्या दशकात स्पष्ट झाला. पोंग्यातल्या पानावर जो ओलावा असतो, त्याच्या आधाराने अळी खाली सरकते. प्रतिकारक वाणांत हा ओलावा कमी असतो. तो बाहेरून पडलेल्या दवाचा नसून रोपातूनच आलेला असतो, हेही तेव्हाच कळले. म्हणजे जमिनीतली ओल आणि हवेतला उष्मा बदलला की ओलावा बदलणार, आणि त्यासोबत वाणाचा प्रतिकारही.

ज्वारीच्याच मिजमाशीने, म्हणजे कणसाच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या बारीक माशीने, याचा मोठा पुरावा दिला. भारतात तिला दाद न देणारे काही वाण केनियाच्या दमट, सौम्य तापमानाच्या भागात पेरले तेव्हा तिला बळी पडले.

तापमानाचा थेट माग मात्र गव्हाने लावून दिला. अमेरिकेत हेसियन माशी नावाची गव्हाची कीड अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ठाण मांडून आहे आणि तिला न जुमानणाऱ्या गव्हाची नोंद तिथे १७९२ मध्येच झालेली आहे. विसाव्या शतकात प्रतिकारक वाण तयार होऊ लागले. १९४६ मध्ये कार्टराइट, कॉल्डवेल आणि कॉम्प्टन यांनी दाखवले की तापमान चढले की यातल्या काही गव्हांचा प्रतिकार ढिला पडतो. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एच-१३ हे जनुक असलेल्या गव्हाची रोपे घेतली. एरवी या रोपांवर ती माशी शंभर टक्के अपयशी ठरते. अळीचा हल्ला सुरू होतानाच रोपांना फक्त ६ तास ४० अंशांत ठेवले, तर पाऊण हिश्श्याहून थोडी जास्त रोपे बळी पडली. जनुक जागच्या जागी होते. बिघडला तो रोपातल्या संरक्षक संप्रेरकांचा तोल. ४० अंश हा आकडा सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

टोमॅटोतल्या एमआय जनुकाची कहाणीही अशीच. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे जमिनीतल्या सूक्ष्म कृमींना, हे जनुक रोखते, पण ड्रॉपकिन यांनी १९६९ मध्ये दाखवले की २८ अंशांवरचा प्रतिकार ३३ अंशांवर उरत नाही. सूत्रकृमी हे कीटक नव्हेत, हे मान्य. पण हेच जनुक मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या एका जातीलाही अडवते, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. बीटी कपाशीतही कडक उष्णतेत पानांतले कीडनाशक प्रथिन घटते. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली हे प्रकरण वेगळे. तिथे कीड बदलली.

असे का होते? झाडापाशी पाणी आणि शक्ती मोजकी. उन्हात पान थंड ठेवायचे तर पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची बारीक छिद्रे, उघडी हवीत. पण अळीने पान कुरतडले की जखमेची सूचना पसरते आणि झाड ती मिटून घेते. २०२० मधल्या टोमॅटोवरील प्रयोगात हेच दिसले: अळी लागलेली पाने उष्म्यात स्वतःला थंड करू शकली नाहीत. दुसरीकडे ऊब मिळालेल्या अळीची भूक वाढते. तापमान एका अंशाने वाढले की गहू, भात आणि मका यांचे किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. त्यात किडींची भूक आणि वाढती संख्या धरली होती.

तरी 'ऊन वाढले की किडीचे फावते' हे सरसकट विधान चुकीचे ठरेल. खोडमाशीलाच ३५ अंशांपुढचा उष्मा सोसत नाही, १८ अंशांखालची थंडीही नाही. उलट लसूणघासातल्या ठिपकेदार माव्याविरुद्धचा प्रतिकार थंडीत कमी पडतो, हे अमेरिकेत १९५०-६०च्या दशकांतच नोंदले गेले. म्हणून प्रत्येक पीक, कीड आणि जनुक यांची जोडी वेगळी तपासावी लागते.

आपल्याकडे वाणाच्या शिफारशीत 'खोडमाशीस प्रतिकारक' किंवा 'मध्यम प्रतिकारक' एवढेच लिहिलेले असते. किती अंशांत, किती ओलीवर तो गुण पारखला, हेही सोबत छापले पाहिजे. सप्टेंबरच्या मध्यावर पेरलेली ज्वारी आणि हस्ताच्या अखेरीस पेरलेली ज्वारी यांची रोपावस्था वेगवेगळ्या उष्म्यात जाते, त्यामुळे चाचण्याही दोन्ही पेऱ्यांत व्हायला हव्यात. आणि शेतकऱ्याने पोंगेमर मोजताना उगवणीपासूनचे रोजचे कमाल तापमान वहीत टिपून ठेवले, तर बियाणे खरेच खराब होते की त्या पंधरवड्याचे ऊन आडवे आले, हे दुकानदाराशी वाद घालण्याआधी कळेल.