मोती, गोड्या पाण्यातील संवर्धित

नदी, तलाव वा तळ्यातील शिंपल्यात शस्त्रक्रियेने रुजवून वाढविलेला मोती. त्याचे द्रव्य नैसर्गिक मोत्याचेच असते : शिंपल्याच्या प्रावार या मऊ पटलातील पेशी ॲरॅगोनाइट (एक कॅल्शियमयुक्त खनिज) आणि काँकिओलिन (एक प्रथिन) यांचे अतिसूक्ष्म थर एकावर एक चढवितात व त्यांतून मोत्याला आब येते. स्वाती नक्षत्रातील थेंबाची समजूत आणि वराहमिहिराने बृहत्संहितेत हत्ती, साप, मेघ, वेळू इत्यादींपासून सांगितलेली मोत्यांची उत्पत्ती येथे विचारात घेतलेली नाही.

या कलेचा उगम वादग्रस्त आहे. चीनमध्ये, बहुधा तेराव्या शतकापासून, हूजौ परिसरात शिशाच्या लहान बुद्धप्रतिमा शिंपल्यात सरकवून त्यांवर मौक्तिकद्रव्य चढवून घेत. याचे श्रेय ये जिनयांग यास देण्याचा प्रघात आहे. त्या प्रतिमा कवचाला चिकटूनच राहत, म्हणून काही अभ्यासक त्यांना मोती मानीत नाहीत. कवचापासून सुटा, गोल मोती मिळविण्याचा प्रयोग स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने केला. कवचाला बारीक भोक पाडून, चांदीच्या तारेच्या टोकाला चुनखडीचा मणी बसवून तो त्याने नदीतील शिंपल्यात अधांतरी ठेवला व १७६१ च्या सुमारास यश मिळविले. जपानचे मोती-उत्पादक मिकिमोतो यांचे १८९३ चे अर्धगोल मोती समुद्री कालवांतील होत. प्रावाराचा तुकडा व मणी एकत्र रोवण्याची रीत मिसे आणि निशिकावा या जपान्यांच्या नावे ओळखली जाते. ती मुळात ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या सॅव्हिल-केंट यांची असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गोड्या पाण्यात बहुधा मण्याची गरजच पडत नाही. दात्या शिंपल्याच्या प्रावाराचे चौकोनी तुकडे दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावारात रोवले की एकाच शिंपल्यात वीसहून अधिक मोती धरतात. जपानच्या बिवा सरोवरातील उत्पादन प्रदूषणाने खालावल्यानंतर चीन अग्रेसर झाला. भारतात भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील मत्स्यसंशोधन संस्थेने लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या देशी शिंपल्यासाठी तंत्र बसविले.

नाशिकच्या सराफ बाजारात नथीच्या मोत्याला आजही सवयीने ‘बसरा’ म्हटले जाते. हे नाव मूळ इराणच्या आखातातील नैसर्गिक मोत्याचे. नेहमीच्या नथीत मात्र आता बहुधा गोड्या पाण्याचा कल्चर मोती असतो. नथीत तो सोन्याच्या तारेत ओवून मधे लाल-हिरवे खडे बसवितात. तन्मणीचे सर रेशमात ओवले जातात. मोत्याला ओवण्याचे भोक मोठे पडले तर तो तारेवर हलतो आणि कडेचे थर निघू लागतात, म्हणून भोकाची कड भिंगाखाली पाहतात. मण्यावर वाढविलेल्या मोत्यात तेथे मणी व थर यांमधील रेषा दिसते, बिनमण्याच्या मोत्यात ती नसते. दातावर हलके घासल्यास खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असल्याने त्यांना आच सोसत नाही. मोत्याला ती सोसत नाहीच, शिवाय लिंबू व अत्तरही बाधते.