विद्यार्थी प्रकल्पांचं डिजिटल जतन

पोरांनी कॉलेजात केलेले प्रोजेक्ट, म्हणजे रिपोर्ट, कोड, नकाशे, सर्व्हेचा डेटा वगैरे, लायब्ररीच्या सर्व्हरवर नीट नोंद करून ठेवायचे आणि बाकीच्यांना वाचायला खुले करायचे, असं हे काम. जिथे ठेवतात तिला रिपॉझिटरी म्हणतात. 'संस्थात्मक भांडार' हा मराठी शब्द आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही.

याआधी काय होतं (आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे) तर ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधून घेतलेला छापील रिपोर्ट. काळं हार्डबाउंड, वर सोनेरी अक्षरं, आत गाईड आणि एक्स्टर्नलची (बाहेरच्या परीक्षकाची) सही असलेलं सर्टिफिकेट आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदी पाकिटात एक सीडी. व्हायवा झाली की ते डिपार्टमेंटच्या कपाटात जातं, कपाट भरलं की जुन्या बॅचची रद्दी निघते, आणि जे उरतं त्यातली सीडी लावायला आता लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. दर बॅचला निदान एक ग्रुप 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' बनवतो आणि नेमका तोच लायब्ररीत सापडत नाही, हा आपला जुना विनोद.

प्रबंधांचं बरं चाललंय. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकने 1997 पासून प्रबंध इलेक्ट्रॉनिकच द्यायचा असा नियम केला. 2002 मध्ये एमआयटीची लायब्ररी आणि एचपी लॅब्ज यांनी मिळून डीस्पेस हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर काढलं आणि जगभर रिपॉझिटऱ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या नियमानंतर विद्यापीठांच्या लायब्ररींना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आलं, तेही डीस्पेसवरच. पण शोधगंगा मुख्यतः पीएचडीसाठी. बीएस्सी, बीई, एमएच्या प्रोजेक्टला तिथे जागा नाही, ते ज्या त्या कॉलेजच्या मर्जीवर. एमआयटीच्या स्वतःच्या डीस्पेसवर मात्र बॅचलर्सचे निवडक प्रबंधही आहेत.

खरं काम अपलोडचं नाहीच, नोंदीचं आहे. नोंदीसाठी बहुतेक ठिकाणी डब्लिन कोअर हा ठरलेला नमुना वापरतात, त्यात मूळ 15 रकाने: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख असे. गाईडचं नाव एकाने 'पाटील एस. आर.' आणि दुसऱ्याने 'प्रा. पाटील' लिहिलं की सर्चमध्ये ती दोन माणसं झाली. शीर्षकं तर दरवर्षी तीच, त्यामुळे गोषवारा आणि कीवर्ड नीट भरले नाहीत तर प्रोजेक्ट सर्व्हरवर असूनही नसल्यासारखाच.

फाइलचं म्हणाल तर रिपोर्टला पीडीएफ-ए बरा पडतो, तो दीर्घकाळ टिकवण्यासाठीच ठरवलेला प्रकार आहे आणि फॉन्ट फाइलमध्येच असतात. कोडची झिप ठेवावी, नुसती गिटहबची (कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटची) लिंक नको, अकाउंट उडालं की लिंक मेली. फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले बरेच मल्टिमीडिया प्रोजेक्ट 2020 संपताना अ‍ॅडोबीने फ्लॅश बंद केल्यावर असेच अडकले, फाइल शाबूत पण उघडायची कशात.

हक्काबद्दल पोरांना उगाच भीती असते. साधारणपणे कॉपीराइट विद्यार्थ्याकडेच राहतो, तो विद्यापीठाला फक्त ठेवायची आणि दाखवायची परवानगी देतो. पेटंट घ्यायचं असेल तर काही काळ फाइल बंद ठेवायची सोय असते, तिला एम्बार्गो म्हणतात. जपायचं ते परिशिष्ट, कारण सर्व्हेच्या भरलेल्या फॉर्मवर गावातल्या लोकांची नावं आणि मोबाइल नंबर तसेच राहिलेले असतात, ते खुलं करण्याआधी काढावे लागतात.

मराठी प्रोजेक्टची वेगळीच गंमत. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला रिपोर्ट पीडीएफमध्ये छान दिसतो, पण ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, कारण आत मराठी नसतंच, रोमन अक्षरांना फक्त मराठी वेश दिलेला असतो. त्यामुळे 'दुष्काळ' शोधलं तर दुष्काळावरचाच रिपोर्ट येत नाही. त्यावर इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत) कन्व्हर्ट करायचा आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासायची. तेवढा वेळ नसेल तर निदान शीर्षक आणि गोषवारा तरी नोंदीत युनिकोडमध्ये हाताने टाइप करायचा.