तीन दिवस झाले, सुई बदलायची का?

पावसाळ्यात डेंगीची साथ आली की पुण्यातले वॉर्ड भरतात आणि जवळजवळ प्रत्येक हाताला व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईन किंवा औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी, दिसतं. तिसऱ्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, सुई बदलायची ना?" खरं तर सुई टोचल्यावर लगेच बाहेर काढतात; शिरेत राहते ती प्लॅस्टिकची मऊ नळी. ती ७२ ते ९६ तासांनी बदलायची, असा नियम अनेक वर्षं चालत आला. नळी जुनी झाली की शीर सुजणार, हे पटायलाही सोपं.

ऑस्ट्रेलियात नर्सिंगच्या प्राध्यापक क्लेअर रिकर्ड आणि सहकाऱ्यांनी हे पटणंच तपासायला घेतलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३,२८३ रुग्ण होते. कोणाची नळी तिसऱ्या दिवशी बदलायची आणि कोणाची त्रास दिसल्यावरच, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. दोन्ही गटांत शिरेचा दाह सुमारे ७ टक्के निघाला.

आकडे सारखे आले म्हणजे दोन्ही पद्धती सारख्या, असं मात्र म्हणता येत नाही. छोट्या चाचणीत खरा फरकही लपून राहतो. म्हणून संशोधकांनी आधीच ठरवलं होतं, की ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल, त्यापुढचा नाही. प्रत्यक्षातला फरक ०.४१ टक्के आला आणि त्याचा ९५ टक्के विश्वासपल्ला, म्हणजे खरा फरक ज्या हद्दीत असण्याची दाट शक्यता ती हद्द, उणे १.३३ ते अधिक २.१५ होता. हा सगळा पल्ला तीनच्या आत बसतो, म्हणून समतुल्यता सिद्ध. मला या चाचणीतलं सर्वांत देखणं काही वाटत असेल, तर ही आधी आखलेली रेघ.

मग नियम पुसून टाकायचा? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी 'त्रास दिसल्यावरच बदला' हे धोरण घेतलं, तेव्हा नळीमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग वाढला; जुनी पद्धत परत आणल्यावर तो उतरला. हा संसर्ग हजार नळ्यांमागे एकसुद्धा न भरणारा, पण गंभीर. इतकी विरळ गोष्ट तीन हजार रुग्णांच्या चाचणीत दिसणं अवघड. शिवाय 'त्रास दिसल्यावर' या शब्दांत कोणीतरी रोज बघणार हे गृहीत आहे. एका सिस्टरकडे किती खाटा आहेत, हे न विचारता पुण्यातल्या रुग्णालयाने 'त्रास दिसल्यावरच बदला' सांगणारी परदेशी मार्गदर्शिका उचलली, तर तो शास्त्रीय आधार अर्धाच राहतो.

"अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" हा हट्टही सोडायला हवा. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम एका पोळीएवढी ऊर्जा. साध्या सलाईनमध्ये तीही नाही.

नळीभोवती लाली, ठणका किंवा सूज दिसली तर तास मोजत बसू नका, सिस्टरना लगेच दाखवा. आणि शिरेतून द्यायची औषधं थांबली, की नळी आता काढायची का, हे त्याच दिवशी विचारा.