पुस्तक मागवायचं की पानं?

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी इश्यू काउंटरवर असते. दुसऱ्या ग्रंथालयातलं काहीही हवं असलं की पीएचडीची मुलं एकच सांगतात, "मॅडम, आयएलएल करायचंय." पण त्यातल्या कितीतरी जणांना पुस्तक नकोच असतं. त्यातली वीस पानं हवी असतात.

आयएलएल म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेव. यात खुद्द पुस्तक पार्सलने इथवर येतं आणि परत जातं. ते उसनं मिळतं ते आमच्या ग्रंथालयाला, तुम्हाला नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. "माझ्यासाठीच आलंय ना, मग घरी का नेऊ देत नाही?" असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. देणारं ग्रंथालय तुम्हाला ओळखत नाही, आम्हाला ओळखतं. परतीची तारीख तेच ठरवतं, 'ग्रंथालयात बसूनच वाचायचं' ही अटही बऱ्याचदा तेच घालतं. पुस्तक हरवलं किंवा भिजलं तर भरपाई आम्ही द्यायची. पुढच्या वेळी नकार आला तर तो तुमच्यामागून येणाऱ्या मुलांनाही सोसावा लागतो. म्हणूनच जुलैत परतीचं पार्सल बांधताना मी प्लास्टिकचे दोन थर घालते. इथल्या पावसात एकाचा भरवसा नाही.

दुसरी सेवा प्रत पुरवण्याची. मूळ अंक किंवा पुस्तक जागचं हलत नाही. हवा तो लेख किंवा प्रकरण स्कॅन होऊन येतं आणि ते परत करायचं नसतं. मात्र अख्खं पुस्तक असं मागता येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं, आणि ती प्रत तुमच्या अभ्यासापुरतीच. ग्रुपवर टाकू नका, एवढं कळकळीने सांगते.

खाजण जमिनींवर काम करणाऱ्या एका मुलीने एका प्रकरणासाठी पुस्तक मागवलं होतं. तीन आठवड्यांनी नकार आला, कारण ती संदर्भप्रत होती, बाहेर देत नव्हते. मग पानं मागितली, ती दोन दिवसांत ईमेलवर आली. तिला नेमकं काय हवंय हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तिचे तीन आठवडे गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

नियतकालिकांचे बांधीव खंड सहसा कुणी उसने देत नाही, त्यामुळे लेखासाठी प्रतच मागायची. शेतीविषयक लेखांसाठी 2007 पासून 'सेरा' हा कृषी संस्थांचा संघ आहे, सभासद संस्थांना त्यातून लेख मागवता येतात. पुस्तक कुठल्या विद्यापीठात आहे ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'इंडकॅट' या ऑनलाइन एकत्रित सूचीत शोधा. 1988 साली दिल्लीत सुरू झालेलं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं दोन्ही सेवा देतं, पण त्याची सभासद संस्था असते, व्यक्ती नाही, म्हणून मागणी ग्रंथपालांकडूनच जाते. पीएचडीच्या प्रबंधासाठी यातलं काहीच करण्याआधी 'शोधगंगा' हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा बघा, शेतीचा असेल तर 'कृषिकोश'. बरेच प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात.

चिठ्ठीवर लेखासाठी नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, अंक आणि पृष्ठं लिहा. पुस्तकासाठी लेखक, प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती. आवृत्ती विसरू नका, नाहीतर दुसरीच आवृत्ती येते आणि तुम्ही टिपून ठेवलेले पृष्ठक्रमांक तिच्यात जुळत नाहीत.