दिंडी क्रमांक सांगा, माणूस सापडेल

2025 च्या जुलैत ट्विटरच्या सहसंस्थापक जॅक डॉर्सीचं 'बिटचॅट' हे निरोपांचं अॅप आलं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फॉरवर्ड फिरला: आता टॉवर नको, रिचार्ज नको, फोनच फोनला निरोप पोचवणार! अर्धं खरं आहे. ब्लूटूथवर एक फोन शेजारच्याला निरोप देतो, तो पुढच्याला. पण जास्तीत जास्त 7 उड्या, मग निरोप विरतो. ते मात्र फॉरवर्डमध्ये नव्हतं.

ही मर्यादा हवीच, कारण निरोप कुठल्या दिशेला पाठवायचा हे मधल्या फोनला ठाऊक नसतं. तो सरळ चौफेर ओरडतो. हजार फोन असतील तर एका 'पोचलो'साठी हजारदा ओरड, आणि हवा सगळ्यांची एकच.

मग प्रत्येकानं तक्ता ठेवावा: अमक्याला गाठायचं तर शेजारच्या तमक्याकडे द्या. हजार फोन, हजार ओळी. कोणी हललं की तक्ते बदला, आणि ती खबरही त्याच हवेतून.

संगणकांच्या जाळ्यांचे अभ्यासक लिओनार्ड क्लाइनरॉक आणि फारूक कमून यांनी 1977 साली यावरचं गणित मांडलं. दहा-दहा जणांचे गट, दहा गटांचा एक महागट, असे दहा महागट. आता तक्त्यात साधारण 30 ओळी पुरतात: आपल्या गटातले दहा जण, आपल्या महागटातले दहा गट आणि दहा महागट. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 1972 मध्ये दिलेला पिनकोड हेच करतो. कोलकात्यात पत्रं निवडणाऱ्याला 411 म्हणजे पुणे एवढं कळलं की झालं, कोथरूड कुठे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गणित पार ताणलं तर किमान ओळी e × ln N (N म्हणजे एकूण फोन, ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम, e म्हणजे साधारण 2.718), म्हणजे हजारांसाठी 19. त्यासाठी गट मात्र e जणांचा हवा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन माणसांचा!

पण या गणितातले नोड, म्हणजे जाळ्यातली निरोप देणारी-घेणारी यंत्रं, जागचे हलत नव्हते. पोस्ट ऑफिसच चालू लागलं तर?

हलत्या नोडांना आपले गट आपणच बांधावे लागतात. त्यासाठी गटप्रमुख निवडायची एक जुनी, गमतीशीर रीत आहे. प्रत्येक नोड आपला क्रमांक पुकारतो. ऐकू येणाऱ्यांत ज्याचा सर्वांत लहान तो प्रमुख. दोन प्रमुख ऐकू येतात तो दोन गटांमधला दुवा. आता 5 च्या गटात 3 क्रमांकाचा पाहुणा शिरला. 5 पायउतार. पण 5 च्या काही जणांना 3 ऐकूच येत नाही, ते आपल्यातल्या 8 ला प्रमुख करतात. शेजारच्या गटाचा प्रमुख 11. त्याला 8 ऐकू येतो, आणि 8 आता नुसता सदस्य नाही, प्रमुख आहे, म्हणून 11 ची गादी जाते. सगळ्यांचे पत्ते बदलले, आणि 3 तर नुसता वाटेनं चालला होता! म्हणून पुढे नियम बदलला: साध्या सदस्यानं क्रमांकाच्या जोरावर गादी मागायची नाही, दोन प्रमुख समोरासमोर आले तरच एकानं उतरायचं.

याहून नामी युक्ती वारीत दिसते. 'रथामागे, दिंडी 102' हा पत्ता आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालतो, कारण अख्खी दिंडी एकत्र हलते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मारिओ गेर्ला यांच्या चमूनं नेमकं हेच धरलं. एकत्र फिरणाऱ्या प्रत्येक गटाचा एक खुणेचा नोड ठेवायचा. लांबच्यांनी फक्त त्या खुणेची वाट लक्षात ठेवायची, नेमका माणूस जवळ गेल्यावर शोधायचा. सैन्याच्या तुकड्या, बचावपथकं यांना हे छान लागू पडतं.

दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला मात्र दिंडी नसते. प्रत्येकाची लोकल वेगळी, गट बांधेपर्यंत माणूस डब्यात. तिथे सात उड्यांची ओरडच बरी.