‘भळदीचा हाव’ : शब्दांच्या अदलाबदलीमागचा इतिहास

कुंभकर्णाला ब्रह्मदेवाकडे इंद्रासन मागायचे होते, पण सरस्वती जिभेवर येऊन बसली आणि त्याच्या तोंडून ‘निद्रासन’ निघाले, ही कथा सांगलीत कृष्णाकाठच्या कीर्तनांतून ऐकलेले लोक आजही भेटतात. पतंजलीच्या महाभाष्यात याच जातीचा दाखला आहे. देवांचा शिल्पी त्वष्टा याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. मात्र ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकल्याने समासाचा अर्थ फिरला आणि इंद्रच त्या पुत्राचा वध करणारा ठरला. चूक किती महागात पडते हे दोन्ही कथा सांगतात; ती तोंडात तयार कशी होते, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही.

त्या प्रश्नाचा पद्धतशीर पाठपुरावा व्हिएन्नात झाला. भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ मेरिंगर आणि मनोविकारतज्ज्ञ कार्ल मायर यांनी रोजच्या बोलण्यातल्या चुका टिपून १८९५ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि या चुकाही नियमाने होतात असे मत मांडले. पुढे १९०१ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी अशा चुकांचा उगम दडपलेल्या इच्छेत शोधला. ऑस्ट्रियाच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी बैठक सुरू झाल्याऐवजी संपल्याचे जाहीर केले होते. ही मेरिंगर यांनी नोंदवलेली चूक फ्रॉइड यांनी आपल्या मताच्या पुष्टीसाठी वापरली. फ्रॉइड यांचे स्पष्टीकरण रंजक असल्याने लोकप्रिय झाले, परंतु बहुसंख्य चुकांत उलगडण्याजोगे गुपितच नसते, तिथे ते निरुपयोगी ठरते. ऑक्सफर्ड विद्यापीठातले अध्यापक विल्यम स्पूनर (१८४४–१९३०) अक्षरांच्या अदलाबदलीसाठी प्रसिद्ध झाले खरे, पण त्यांच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक चुका इतरांनी रचलेल्या आहेत.

खरी कलाटणी १९७१ मध्ये मिळाली. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी दाखवले की बोलण्यातल्या चुका म्हणजे भाषेच्या रचनेचा पुरावा आहे, कारण चुकतानाही बोलणारा भाषेचे नियम सहसा मोडत नाही. सांगलीच्या बाजारात घाईने बोलणाऱ्याच्या तोंडून ‘हळदीचा भाव’ऐवजी ‘भळदीचा हाव’ निघाले, तर ‘ह’ आणि ‘भ’ यांची अदलाबदल शब्दारंभाच्या जागीच झालेली असते, आणि ‘चा’ हा प्रत्यय जागचा हलत नाही. मराठीत शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही; चुकून तयार झालेला निरर्थक शब्दही सहसा ती मर्यादा पाळतो.

याहून बोलके उदाहरण गावांच्या नावांचे आहे. सांगलीहून निघाल्यावर ‘विटा तासगावच्या पुढे आहे’ असे म्हणायचे असताना ‘तासगाव विट्याच्या पुढे आहे’ असे निघून जाते, पण ‘तासगाव विटाच्या पुढे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. याचा अर्थ असा की नावे आधी चुकीच्या जागी बसली आणि सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी बदलणारे शब्दाचे रूप, त्यानंतर, नव्या जागेला शोभेल असे तयार झाले. वाक्य मनात टप्प्याटप्प्याने जुळते, हा मानसशास्त्रज्ञ मेरिल गॅरेट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार इथे सहज पटतो.

त्याच वर्षी बार्स, मोटली आणि मॅके या संशोधकांनी प्रयोगशाळेत मुद्दाम अशा चुका घडवून आणल्या. अदलाबदलीतून अर्थपूर्ण शब्द तयार होणार असेल, तर चूक अधिक वेळा घडते, असे त्यांना आढळले. मानसशास्त्रज्ञ गॅरी डेल यांनी १९८६ मध्ये याची कारणमीमांसा केली: एक शब्द उच्चारला जात असताना पुढचा आणि त्याच्याशी अर्थाने किंवा ध्वनीने जवळचे शब्दही जागे झालेले असतात, आणि ज्याचा जोर त्या क्षणी अधिक तो बाहेर पडतो. पुढचा ध्वनी वेळेआधी उमटतो तो यामुळेच.

द्विभाषिकांच्या बाबतीत ही चढाओढ दोन भाषांत चालते. जत तालुक्यात घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्याच्या मनात एक भाषा वापरात असताना दुसरी पूर्णपणे झोपलेली नसते, असे द्विभाषिकतेवरील पुढचे संशोधन सांगते.