स्वप्रकाशित चित्रकथा

प्रकाशकाची वाट न पाहता चित्रकाराने स्वतः लिहून, रेखाटून, छापून थेट वाचकांना विकलेली चित्रपुस्तिका. व्यवस्थेला न रुचणारा मजकूर असला, की तिला भूमिगत कॉमिक म्हणतात.

अमेरिकेत १९५४ साली प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता स्वीकारली. तिचा शिक्का नसलेले अंक वितरक उचलेनात आणि कॉमिक मुलांपुरते उरले. १९६८ मध्ये चित्रकार रॉबर्ट क्रम्बच्या ‘झॅप’ या भूमिगत कॉमिकचा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीतून विकला गेला. वितरकच नसल्याने शिक्क्याची गरज उरली नाही. या प्रकाराचे खरे बळ मला इथे दिसते: बंड चित्रात होतेच, पण ते तगले विक्रीच्या वेगळ्या वाटेमुळे. १९७२ मध्ये जस्टिन ग्रीन या चित्रकाराने स्वतःच्या मनोविकारावर कॉमिक काढले आणि आत्मचरित्राला हे माध्यम खुले झाले. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या अश्लीलतेवरील निकालानंतर अशी कॉमिक विकणारे दुकानदार धास्तावले, तरी १९८४ मध्ये ‘निन्जा टर्टल्स’चा पहिला अंक दोघा मित्रांनी स्वतःच छापला होता. जपानमध्ये हौशी चित्रकारांचा ‘कॉमिकेट’ मेळा १९७५ पासून भरतो. भारतात चित्रकार ओरिजित सेन यांची नर्मदेवरच्या धरणाच्या वादावरची चित्रकादंबरी ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ ची.

मराठीत साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांनी (ठरावीक मुदतीशिवाय निघणाऱ्या छोट्या मासिकांनी) सायक्लोस्टाईलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर, हीच वाट चोखाळली, मात्र मुख्यतः कवितेसाठी.

सोलापुरात हे करायला छापखाना लागत नाही, कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान पुरते. ए-फोर कागदाला तीन घड्या घालून आठ चौकटी पाडायच्या, कागद आडवा धरून मधल्या आडव्या घडीवर आतल्या दोन चौकटींइतका काप द्यायचा. कागद दुमडला की पिनेशिवाय आठ पानांची पुस्तिका तयार. पसरलेल्या कागदावर वरच्या रांगेतली चारही पाने उलटी काढावी लागतात, इथे पहिल्यांदा सगळेच चुकतात. पेन्सिलीच्या छटा झेरॉक्समध्ये विरतात, म्हणून काळी शाई वापरावी. मशीन कडा खाते, तेव्हा चारी बाजूंनी बोटभर जागा सोडावी.

मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहराला शब्दांविना चित्रकथा फार सोयीची आहे. चादरीची नक्षी आलेखकागदावर चौकटीचौकटीने उतरवणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बंद पडलेल्या गिरण्या, १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे हे विषयही घरचेच.